पायाखालची जमीन कळेनाशी होते तेव्हा

पायातली चप्पल वाटेत निसटते आणि चार पावलं पुढे गेल्यावर, तेही मागून कुणी हाक मारल्यावर कळतं. असा किस्सा मधुमेह असलेल्या अनेकांकडे असतो. घरी येऊन तो हसत सांगितला जातो आणि ‘वय झालं आता’ म्हणून विषय मिटतो. मेंदूविकारतज्ज्ञ मात्र याबद्दल आवर्जून विचारतात आणि प्रश्नाचे दोन भाग करतात. चप्पल पायातून सुटते का? आणि सुटली की तुम्हाला समजतं का? सुटते पण समजतं, असं उत्तर आलं तर बोटांची आणि घोट्याची ताकद कमी झाल्याची शंका येते. सुटते आणि समजतही नाही, असं असेल तर पाय जमिनीची खबर वर पाठवेनासे झालेले असतात.

आता त्याच माणसाची रात्र पाहा. अंथरुणाला पाठ टेकली की तळपायांची आग सुरू होते. मुंग्या, सुया, मधूनच करंट बसल्यासारखी कळ. चादर नुसती पायावरून सरकली तरी सोसत नाही. कुणी पाय पांघरुणाबाहेर काढून झोपतं, कुणी मध्यरात्री उठून गार फरशीवर पाय टेकवून बसतं. ज्या पायाला चप्पल गळालेली कळत नाही त्याच पायाला चादर जड होते, हे घरातल्यांना पटत नाही. पण दोन्ही खरं असतं, आणि दोन्हींवरचे उपाय वेगळे असतात. सगळ्यांचं लक्ष दुखण्याकडे जातं, कारण ते झोपू देत नाही. माणूस न्हाणीघरात पडतो, पायाला जखम चिघळते, कधी बोट किंवा पाऊल कापावं लागतं, ते मात्र बहुतेक वेळा न कळण्यामुळे.

या विकाराला डॉक्टर पेरिफेरल न्यूरोपथी म्हणतात. मेंदू आणि मज्जारज्जू सोडून हातापायांत, त्वचेत, स्नायूंत पसरलेल्या चेतातंतूंचं जाळं यात खराब होत जातं. हा एक आजार नाही. शंभराहून जास्त कारणांनी होणारी ही अवस्था आहे, पण त्यातल्या बहुतेक कारणांची सुरुवात एकाच जागी होते: पायाच्या बोटांच्या टोकांशी. असं का, हे समजून घेण्यासारखं आहे.

पायाच्या अंगठ्याची संवेदना वाहून नेणाऱ्या पेशीचा मुख्य देह कमरेच्या मणक्यांजवळ असतो आणि तो डोळ्यांना दिसणारही नाही इतका लहान असतो. त्यातून निघालेला तंतू मात्र थेट अंगठ्यापर्यंत, म्हणजे सुमारे एक मीटर लांब जातो. तंतूला लागणारी प्रथिनं, ऊर्जा तयार करणाऱ्या तंतुकणिका, दुरुस्तीचं सामान, यातलं बहुतेक सगळं कमरेजवळच्या त्या इवल्याशा देहातून खाली पाठवावं लागतं. यातली जलद वाहतूक दिवसाला साधारण २०० ते ४०० मिलिमीटर चालते. तंतूच्या सांगाड्याची प्रथिनं दिवसाला जेमतेम काही मिलिमीटर सरकतात, त्यांना अंगठा गाठायला महिनोन्‌महिने लागतात. धरणात पाणी कमी झालं की कालव्याच्या टेलच्या शेतकऱ्याला ते सगळ्यांत आधी कळतं. इथेही तसंच होतं. पेशी कमकुवत झाली की सर्वांत लांबचं टोक आधी वाळतं. मग बधिरपणा पावलावर, घोट्यावर, पोटरीवर चढत जातो आणि गुडघ्याच्या आसपास आला की हातांच्या बोटांनाही मुंग्या येऊ लागतात, कारण मानेपासून बोटांपर्यंतचं अंतर जवळपास तेवढंच भरतं. दोन्ही पायांना मोजे आणि हातांना हातमोजे घातल्यासारखी ही मांडणी असते. म्हणूनच त्रास एकाच पायात असेल, अचानक सुरू झाला असेल किंवा कमरेतून कळ येत असेल तर कारण बहुधा निराळं असतं. आणि काही दिवसांतच पायांची ताकद जाऊ लागली तर वाट न पाहता रुग्णालय गाठावं. २०२५ च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात गिया बारे सिंड्रोमचे रुग्ण एकामागून एक सापडले, तेव्हा हा शब्द घरोघरी पोचला. तोही चेतातंतूंचाच आजार आहे, पण तो दिवसांत वाढतो आणि बहुतेकांत पुढे ओसरतो. या लेखातला आजार वर्षानुवर्षं सोबत राहणारा आहे.

कारणांत पहिला क्रमांक मधुमेहाचा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे, आणि मधुमेह असलेल्यांपैकी सुमारे निम्म्यांना आयुष्यात कधी ना कधी न्यूरोपथी होते. साखर चढी राहिली की तंतूंच्या आत नको ती रसायनं साठतात, तंतूंना रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्या खराब होतात, तंतुकणिका दमतात. लहान वयात होणाऱ्या, इन्शुलिनवर अवलंबून असलेल्या मधुमेहात साखर काटेकोर ठेवली तर न्यूरोपथीचा धोका ६० टक्क्यांच्या आसपास घटतो, हे अमेरिका आणि कॅनडातल्या मोठ्या अभ्यासाने १९९३ मध्ये दाखवून दिलं. आपल्याकडे जास्त आढळणाऱ्या, मोठ्या वयातल्या मधुमेहात नुसत्या साखरेवरच्या नियंत्रणाने एवढा फायदा होत नाही. तिथे वजन, रक्तदाब, चरबी आणि तंबाखू यांच्याकडेही बघावं लागतं. ‘शुगर तर नॉर्मल आहे, मग पाय का जळतात?’ हा प्रश्न अनेक जण विचारतात, त्याचं अर्धं उत्तर यात आहे.

उरलेलं अर्धं उत्तर कधी कधी बी-१२ या जीवनसत्त्वात सापडतं. ते वनस्पतींतून जवळपास मिळत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने पुण्यातले आणि आसपासच्या खेड्यांतले मध्यमवयीन पुरुष तपासले, तेव्हा त्यांतल्या सुमारे दोन तृतीयांश जणांत बी-१२ कमी आढळलं. त्यातच मधुमेहावर सर्वाधिक दिली जाणारी मेटफॉर्मिनची गोळी वर्षानुवर्षं घेतल्यास बी-१२ चं शोषण घटतं. म्हणजे शाकाहारी, दहा वर्षं मेटफॉर्मिनवर असलेल्या माणसाचे पाय जळत असतील तर सगळा दोष साखरेवर टाकण्याआधी रक्तातलं बी-१२ मोजायला हवं. कमतरता असेल तर इंजेक्शन किंवा गोळी खरोखर उपयोगी पडते. कमतरता नसताना ‘ताकदीचं इंजेक्शन’ म्हणून दर महिन्याला टोचून घेण्याने फारसं काही साधत नाही. बी-६ च्या बाबतीत तर उलटा प्रकार आहे. क्षयावरच्या आयसोनियाझिड या औषधाने न्यूरोपथी होऊ नये म्हणून बी-६ ची गोळी सोबत देतात आणि ते योग्यच आहे. पण तेच बी-६ मोठ्या मात्रेत दीर्घकाळ घेतलं तर स्वतःच चेतातंतू मारतं, हे १९८३ मध्ये सिद्ध झालं. औषधाच्या दुकानातून ‘नसांची गोळी’ मागून घेणाऱ्यांनी पाकिटावरची मात्रा एकदा वाचावी.

बाकीची कारणं थोडक्यात: दारू, मूत्रपिंडाचे आजार, थायरॉइड, काही आनुवंशिक विकार आणि कर्करोगावरची कित्येक औषधं. त्यांतलं ऑक्सॅलिप्लॅटिन घेतलेल्यांना फ्रीजमधली बाटली हातात धरवत नाही. सगळ्या तपासण्या करूनही कारण सापडत नाही, असे रुग्णही बरेच असतात. आणि तळपायांची आग ही काही आजच्या सुखवस्तू जगाची देणगी नाही. या आगीचं वर्णन ग्रीअर्सन नावाच्या डॉक्टरने १८२६ मध्येच केलं होतं. पुढे भारतीय पोषणशास्त्राचे अध्वर्यू सी. गोपालन यांनी १९४० च्या दशकात दक्षिण भारतातल्या गरिबांत तोच त्रास अभ्यासला. दुसऱ्या महायुद्धात जपानी छावण्यांत उपाशी ठेवलेले कैदी याच आगीने रात्र रात्र फेऱ्या मारत. एकेकाळी उपासमारीमुळे जळणारे पाय आज अतिपोषणाच्या आजाराने जळतात.

आता त्या दोन तक्रारींकडे वळू. चेतातंतू ढोबळमानाने दोन प्रकारचे असतात. बारीक तंतूंवर आवरण नसतं किंवा अगदी पातळ असतं. ते दुखणं आणि थंड-गरम यांची बातमी नेतात आणि सावकाश नेतात, आवरण नसलेले तर सेकंदाला एखाद-दुसरा मीटर. जाड, आवरण असलेले तंतू स्पर्श, कंपनं आणि सांध्याची स्थिती यांची बातमी सेकंदाला ५० मीटरच्या आसपासच्या वेगाने पोचवतात. डोळे मिटूनही आपला पाय कुठे आहे, घोटा किती वळला आहे, खाली माती आहे की फरशी, हे आपल्याला कळतं ते या जाड तंतूंमुळे. बारीक तंतू बिघडले की आग, टोचणी, चटका न कळणं. जाड तंतू गेले की कापसावर चालल्यासारखं वाटणं, तोल जाणं, चप्पल हरवणं. २०२१ चा वैद्यकशास्त्राचा नोबेल पुरस्कार ज्या दोघांना मिळाला त्यांतले डेव्हिड ज्युलियस यांनी मिरचीच्या तिखटपणाचा माग काढत उष्णता आणि आग ओळखणारा ग्राहक शोधला. दुसरे आर्डेम पटापुटियन यांनी दाब आणि शरीराची स्थिती ओळखणारे ग्राहक शोधले. न्यूरोपथीच्या रुग्णाच्या पायात हे दोन्ही शोध एकाच वेळी बिनसलेले असतात.

यातून एक त्रासदायक गोष्ट निघते. नसांची नेहमीची तपासणी, म्हणजे विजेचे झटके देऊन वेग मोजणारी नर्व्ह कंडक्शन टेस्ट, फक्त जाड तंतूंची खबर देते. ज्याचे केवळ बारीक तंतू खराब आहेत त्याचा अहवाल निर्दोष येतो. त्वचेचा तीन मिलिमीटरचा तुकडा काढून त्यातले तंतू मोजता येतात, पण ही सोय मोजक्याच ठिकाणी आहे. मग अहवाल नॉर्मल, एमआरआय नॉर्मल आणि माणूस रात्रभर जागा. घरात कुजबुज सुरू होते की याच्या मनाचेच खेळ आहेत. माझ्या मते या आजारात रुग्णावर होणारा पहिला अन्याय हाच आहे, आणि तो टाळायला एक पैसाही लागत नाही. तपासणी कोरी आली म्हणून दुखणं खोटं ठरत नाही, एवढं घरातल्या एकाने जरी मान्य केलं तरी खूप होतं.

तुटका तंतू गप्प बसायला हवा, तो ओरडतो कशाला? इजा झालेल्या तंतूंच्या पडद्यावर सोडियम आत घेणारी दारं वाढतात आणि जागा बदलतात. बाहेर काहीही न घडता तो तंतू आपोआप संदेश सोडू लागतो. असे संदेश सतत येत राहिले की मज्जारज्जूतल्या पेशीही हळव्या होतात आणि साध्या स्पर्शाचंही दुखणं म्हणून भाषांतर करू लागतात. दिवसा कामाधामात, बोलण्याचालण्यात मेंदू त्याकडे काणाडोळा करू शकतो. रात्री अंधार आणि शांतता असली की त्याला दुसरं ऐकायला काही उरत नाही. जागरणाने दुसऱ्या दिवशी दुखणं अधिक जाणवतं, त्यामुळे पुन्हा जागरण होतं. म्हणून झोप सुधारणं हाही इथे दुखण्यावरचाच इलाज असतो.

दुखणं पायात असलं तरी ते सांध्याचं किंवा स्नायूचं नसल्यामुळे नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या इथे चालत नाहीत. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन यांनी फरक पडत नाही, मूत्रपिंडाला धोका मात्र होतो, आणि मधुमेहीचं मूत्रपिंड आधीच नाजूक असतं. इथे कामाला येतात ती मूळ दुसऱ्या आजारांसाठी निघालेली औषधं: नैराश्यावरची ॲमिट्रिप्टिलिन आणि ड्युलोक्सेटिन, फेफऱ्यावरच्या औषधांच्या कुळातली प्रीगॅबालिन आणि गॅबापेंटिन. डॉक्टरांनी ‘डिप्रेशनची गोळी’ दिली म्हणून ती कचऱ्यात टाकणारे लोक आहेत. ती मज्जारज्जूतला आवाज कमी करायला दिलेली असते, वेडे ठरवायला नाही. ब्रिटनमध्ये १३० रुग्णांवर झालेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ॲमिट्रिप्टिलिन, ड्युलोक्सेटिन आणि प्रीगॅबालिन यांची तुलना झाली. कुठल्याही औषधाने सुरुवात केली, आणि गरज पडेल तिथे दुसऱ्याची जोड दिली, तरी शेवट सारखाच झाला. दहापैकी सरासरी ६.६ असलेलं दुखणं १६ आठवड्यांत ३.३ वर आलं.

या आकड्यात आशा आहे आणि मर्यादाही. दुखणं निम्मं झालं, शून्य झालं नाही. शून्याची अपेक्षा ठेवणारा रुग्ण पंधरा दिवसांत औषध सोडतो आणि डॉक्टर बदलतो. निम्म्याची अपेक्षा ठेवणारा मात्रा हळूहळू वाढवत दोन-तीन महिने देतो आणि त्याला रात्रीची झोप परत मिळण्याची शक्यता बरीच असते. प्रत्येक औषधाचा त्रासही ठाऊक असावा. ॲमिट्रिप्टिलिनने तोंड कोरडं पडतं, प्रोस्टेट वाढलेल्यांना लघवी अडते, हृदयविकार असेल तर ती जपून द्यावी लागते. ड्युलोक्सेटिनने सुरुवातीला मळमळतं. प्रीगॅबालिनने गुंगी येते, पायांवर सूज येते, वजन वाढतं. गुंगीचा मुद्दा इथे साधा नाही. ज्याच्या पायांना आधीच जमीन कळत नाही त्याला रात्रीची गोळी आणखी डळमळीत करते, आणि तो दोन वाजता लघवीला उठतो तेव्हा पडतो. गोळी सुरू केल्यावर पहिले काही आठवडे उशाशी दिवा आणि पलंगाजवळ आधार हवाच, हे औषधाच्या चिठ्ठीवर लिहिलेलं नसतं.

मिरचीतल्या कॅप्सेसिनची तीव्र पट्टीही वापरतात. ती लावल्यावर त्वचेतली टोकं आधी भडकतात आणि मग काही आठवडे गप्प होतात. ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली लावायची असते. घरातला ठेचा पायाला फासायचा प्रयोग कुणी करू नये.

आणि दुखणं अचानक बंद झालं तर? घरात पेढे वाटावेसे वाटतात. औषधाने किंवा साखर सुधारल्याने झालं असेल तर छानच. पण अनेकदा आग थांबते ती ओरडणारे तंतूही मेले म्हणून. पाय शांत होतो आणि त्याच वेळी सर्वांत धोक्याचा होतो.

हे आपल्याला शिकवलं कुष्ठरोगाने. कुष्ठरोगाचे जंतू चेतातंतूंच्या आवरणपेशींत घर करतात आणि हातपाय बधिर होतात. वरोऱ्याजवळचं बाबा आमट्यांचं आनंदवन आणि अमरावतीचं शिवाजीराव पटवर्धनांचं तपोवन यांमुळे महाराष्ट्राला ते हातपाय परिचयाचे आहेत. फार काळ समज असा होता की या रोगात मांस आपोआप सडून बोटं गळतात. तमिळनाडूतल्या कोल्ली डोंगरात जन्मलेले पॉल ब्रँड १९४६ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शल्यचिकित्सक म्हणून रुजू झाले, त्यांनी तो खोडून काढला. एका गंजलेल्या कुलुपाची किल्ली त्यांना फिरेना, ती कुष्ठरोग झालेल्या एका मुलाने सहज फिरवली, आणि त्याच्या बोटातून रक्त येत असल्याचं त्यांना दिसलं, त्याला नाही. हाडापर्यंत कातडी फाटली होती. बोटं रोग खात नव्हता. न दुखल्यामुळे माणूस ती वापरून संपवत होता. रात्रीतून बोटांचे तुकडे नाहीसे होण्याचं कोडं त्यांनी पहारा देऊन सोडवलं तेव्हा उंदीर झोपलेल्यांची बोटं कुरतडताना सापडले. मग रुग्णांना घरी जाताना मांजर सोबत देण्याची प्रथा पडली. ब्रँड १९६६ मध्ये अमेरिकेतल्या कारव्हिल इथल्या कुष्ठरोग रुग्णालयात गेले आणि हेच ज्ञान मधुमेहींच्या पायांना लागू झालं. आज डॉक्टर तळपायाला टेकवतात तो नायलॉनचा तंतू १० ग्रॅम दाबाला वाकतो. तो वाकूनही तुम्हाला कळला नाही तर पायाचं नैसर्गिक संरक्षण गेलं, ही सीमारेषा कारव्हिलमधल्या कामातून पक्की झाली. कुष्ठरुग्णांसाठी रूढ झालेली मऊ रबराची एमसीआर चप्पल आज मधुमेहींनाही लिहून देतात. ‘ती महारोग्यांची चप्पल’ म्हणून नाक मुरडणारे आजही भेटतात. त्यांनी पाय वाचवायचा की अब्रू, हे ठरवावं.

बधिर पायाची देखभाल म्हणजे जे काम पाय करत होता ते डोळ्यांनी आणि हातांनी करणं. रोज रात्री उजेडात तळवा पाहायचा. वाकता येत नसेल तर आरसा जमिनीवर ठेवून, नाहीतर घरच्यांकडून. बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या. बूट घालण्याआधी झटकायचा आणि आत हात फिरवायचा, कारण खडा किंवा नातवाची खेळण्यातली गाडी दिवसभर आत राहिली तरी पाय तक्रार करणार नाही. मोजे पांढरे बरे, रक्ताचा डाग लगेच दिसतो. चपलेला मागून पट्टा हवा. आपल्याकडे घरात चप्पल घालत नाहीत, तेव्हा घरासाठी वेगळी जोडी ठेवावी, देवघरापर्यंत चालेल अशी. चैत्र-वैशाखात देवळाच्या तापलेल्या फरशीवर प्रदक्षिणा घालून तळव्याला फोड घेऊन आलेले मधुमेही दर उन्हाळ्यात दवाखान्यांत दिसतात. त्यांना चटका बसलेलाच नसतो. देवाला पहाटे गेलेलंही चालतं आणि जाड मोजे घातलेलेही चालतात.

काही लोकप्रिय उपाय तर उघड घातक आहेत. दुखऱ्या पायांना गरम पाण्यात बुडवणं किंवा पिशवीने शेकणं: पाणी किती गरम आहे ते पायाला कळत नाही, कातडी मात्र भाजते. पाणी कोपराने तपासावं, कारण बोटंही अर्धी बधिर असू शकतात. खिळ्यांसारख्या उंचवट्यांच्या ॲक्युप्रेशर चपला बधिर पायाला म्हणजे चालता-फिरता जखम. कुरूप ब्लेडने कापणं आणि त्यावर कॉर्न कॅप लावणं यातून सुरू झालेल्या जखमांनी पाय गेलेले आहेत. गावोगाव शिबिरं भरवून विकली जाणारी पाय थरथरवणारी यंत्रं भाजत नाहीत, त्यामुळे मी त्यांच्यावर फार चिडत नाही. पण त्यांनी नसा ‘मोकळ्या’ होतात हा दावा निराधार आहे, आणि त्या पैशांत चांगल्या चपलेचे दोन जोड येतात.

चालण्याचं गणित तोलाचं आहे. तोल सांभाळायला शरीर तीन ठिकाणांहून माहिती घेतं: डोळे, कानाच्या आतला तोलाचा अवयव आणि पाय. तिन्हींपैकी दोन चालू असले तर भागतं. पाय गेले तरी उजेडात माणूस बऱ्यापैकी चालतो, कारण डोळे भरपाई करतात. अंधार झाला की कोसळतो. एकोणिसाव्या शतकात बर्लिनच्या मॉरित्झ रोमबर्ग यांनी याचीच चाचणी केली: पाय जुळवून उभं राहा आणि डोळे मिटा. आपल्या घरांत ही चाचणी रोज सकाळी आपोआप होते. माणूस तोंडाला साबण लावतो, डोळे मिटतो आणि मोरीत झोकांडतो. म्हणून अंघोळ बसून करावी, स्टुलावर, भिंतीला आडवी लोखंडी दांडी ठोकून. पलंगापासून संडासापर्यंत रात्रभर मंद दिवा ठेवावा. दिवे जाणाऱ्या गावांत विजेरी उशाशी असावी. मोतीबिंदू पिकायची वाट बघत बसू नये, कारण पाय गेलेल्या माणसाचे डोळे हेच पाय असतात.

काठीबद्दल बोलायला हवं. काठी घेतली की म्हातारपण आलं या भावनेने लोक ती टाळतात. पण इथे काठीचं काम भार पेलण्याचं कमी आणि बातमी देण्याचं जास्त आहे. उभ्या माणसाने एखाद्या स्थिर वस्तूला बोटाचं टोक नुसतं टेकवलं, अगदी शंभर ग्रॅमहूनही कमी दाबाने, तरी त्याचं डोलणं कमी होतं, हे प्रयोगांत दिसलं आहे. एवढ्या दाबाने आधार मिळत नाही, माहिती मिळते. काठीच्या टोकातून जमीन हाताला कळते.

व्यायामाने मेलेले तंतू सरसकट उगवत नाहीत. इजेनंतर तंतू पुन्हा वाढतो तो सगळं जुळून आलं तर दिवसाला सुमारे एक मिलिमीटर, आणि जुन्या आजारात तेवढंही क्वचित. पण उरलेल्यांकडून जास्त काम करून घेता येतं. स्वयंपाकघराच्या ओट्याला धरून टाचा उचलणं, एका पायावर उभं राहणं, टाचेला बोट लावत सरळ रेषेत चालणं, खुर्चीतून हात न टेकता उठणं. घोटे आणि मांड्या बळकट झाल्या की तोल सावरायला वेळ मिळतो. पायाला उघडी जखम असेल तोवर चालण्याऐवजी बसून करायचे व्यायाम. पाऊल वर उचलताच येत नसेल, बोटं घासली जात असतील, तर पोटरीपासून तळव्यापर्यंतचा प्लास्टिकचा आधार बुटात बसवून मिळतो आणि त्याने अडखळणं बरंच थांबतं. वाहन चालवणाऱ्यांनी स्वतःशी प्रामाणिक राहावं. ब्रेकवर पाय किती दाबला हे न बघता सांगता येत नसेल तर चावी दुसऱ्याकडे देण्याची वेळ आली आहे.

दिवस आखण्याची एक युक्ती वेदना-चिकित्सालयांत शिकवतात. बरं वाटलेल्या दिवशी माणूस माळा आवरायला काढतो, बाजार करून येतो आणि पुढचे दोन दिवस अंथरुणात काढतो. त्याऐवजी काम घड्याळावर करायचं. वीस मिनिटं उभं राहून, मग दहा मिनिटं बसून, दुखत असो वा नसो. भाजी बसून चिरायची, इस्त्री बसून करायची. सुनेला किंवा मुलाला हे आळस वाटतं, कारण समोरचा माणूस धडधाकट दिसतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत चालण्या-फिरण्याचं अपंगत्व आणि दीर्घकालीन चेताविकार दोन्ही आहेत, त्यामुळे पायांची ताकद गेलेल्यांनी प्रमाणपत्राची चौकशी जरूर करावी. बहुतेक सवलतींसाठी ४० टक्के अपंगत्व लागतं. नुसत्या दुखण्याला मात्र तिथे टक्के नाहीत.

एक विनंती. तुम्हाला मधुमेह असेल तर पुढच्या वेळी दवाखान्यात डॉक्टरांनी सांगायची वाट न पाहता बूट-मोजे काढून बसा. रक्ताचा अहवाल टेबलावर ठेवण्याआधी पाय पुढे करा आणि नायलॉनचा तंतू, कंपन पावणारा चिमटा (ट्यूनिंग फोर्क) आणि तळव्याची नजरतपासणी, तिन्ही वर्षातून एकदा तरी करून मागा. याला पाच मिनिटं लागतात.